ड्रमच्या राखणीला तीन इंग्रज

यंदा पुन्हा टँकर सुरू झाला. परवा दुपारी साडेचारला गल्लीच्या तोंडाशी तो लांबलचक हॉर्न वाजला आणि मी, वय वर्षं पंचावन्न, एकाच पायात चप्पल घालून बाहेर पळालो. बाहेर गेल्यावर आठवलं की आता सोसायटीनं जमिनीखाली मोठी टाकी बांधली आहे. टँकरवाला पाइप सोडतो, टाकी भरते, तो जातो. पळायची गरज कुणालाच नसते. त्यानं माझ्याकडं पाहिलं, माझ्या अनवाणी पायाकडं पाहिलं आणि विचारलं, “काय काका, कुणाला शोधायलात?”

मी म्हणालो, “तीन इंग्रज बसायचे इथं. दिसले का?”

तो हसला. मीही हसलो. मग घरात येऊन पंखा लावला आणि बराच वेळ त्याच्याखाली बसून राहिलो, कारण घरात हे सांगायला कुणी नव्हतं.

पण ते तीन इंग्रज खरेच होते. त्या दुष्काळाच्या उन्हाळ्यात ते रोज माझ्या घरी यायचे.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि ते बीड बायपास ओलांडून सातारा परिसरात शिरत होतं. काल जिथं ज्वारीची धाटं उभी होती तिथं आज ‘फ्लॅट तयार आहेत’ अशी पाटी. इमारती वर चालल्या होत्या आणि बोअर खाली. आमच्या इमारतीचा बोअर मार्चमध्येच धूळ ओकायला लागला. टँकर दर चौथ्या दिवशी यायचा. म्हणजे तो यायचा त्याला चौथा दिवस म्हणायचं. येण्याची वेळ चार ते सात यांच्यामध्ये कुठंतरी. आणि ज्याचा ड्रम रांगेत नाही त्याला पाणी नाही. म्हणून निळे ड्रम चारही दिवस रस्त्याच्या कडेला उभे असायचे. ड्रम उभे म्हटल्यावर ते पुढंमागं सरकवणारी माणसंही आलीच. घरातली कर्ती माणसं कामावर. तेव्हा घरोघरी असं ठरलं की ड्रमची राखण म्हाताऱ्यांनी करायची.

माझं घर तळमजल्यावर. गॅलरीतून अख्खी रांग दिसायची. मी वाळूजला कारखान्याच्या स्टोअरमध्ये पहिल्या पाळीला, तीनला घरी. बायको आणि मुलगी जानेवारीतच पुण्याला गेल्या होत्या. मुलीचा क्लास, बायकोची बदली आणि तिथल्या नळाला रोज पाणी. ‘दोन वर्षांचा तर प्रश्न आहे,’ असं आम्ही दोघंही म्हणालो होतो. मी तर ते फारच झोकात म्हणालो होतो. नाटकातला माणूस मी. पंचवीस वर्षं हौशी रंगभूमीवर दुसरा शिपाई, तिसरा गावकरी आणि एकदा, मुख्य नट आजारी पडला म्हणून, राजा. ते एक वाक्य झोकात म्हणायला कितीसं लागतं? रिकाम्या घरात परत आल्यावर पहिल्या दिवशी मी दोन कप चहा केला आणि दोन्ही प्यायलो.

तर माझ्या गॅलरीत तीन म्हातारे बसायला लागले. पहिले नाना, कलेक्टर कचेरीतून निवृत्त झालेले. बोलताना अजूनही फाइल चाळल्यासारखे बोलायचे. दुसरे हमीदचाचा, छावणीत चाळीस वर्षं लष्करी अधिकाऱ्यांचे कोट शिवून आता मुलाकडं राहायला आलेले. आणि तिसरे पंडिततात्या. देवगाव रंगारीला त्यांची मोसंबीची बाग, दीडशे झाडं. काकू गेल्या, विहीर आटली, आणि मुलानं, सुधीरनं, त्यांना इथं तिसऱ्या मजल्यावर आणून ठेवलं. तात्या बोलायचे नाहीत. नाराज नाही, आजारी नाही, नुसते गप्प. खुर्चीत बसून आपल्या ड्रमकडं असे बघायचे की जणू तो ड्रम आता जांभई देणार आहे.

एक दिवस सुधीर खाली आला, दाराची कडी धरून उभा राहिला. म्हणाला, “दादा, बाबा रोज गावाकडं जायला पिशवी भरतात अन् आम्ही रोज रिकामी करतो. तिकडं घरात कुणी नाही. मागच्या वेळी चक्कर येऊन बांधावर पडले तर दोन तासांनी कुणाला तरी दिसले. पाऊस पडेपर्यंत तेवढं त्यांना इथं धरून ठेवा. तुमच्याकडं बसतात तेवढा वेळ पिशवीचं नाव काढत नाहीत.”

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, “सुधीर, ही जबाबदारी माझी.” बघा, पुन्हा झोकात.

आता माणसाला धरून ठेवायचं म्हणजे कशानं? पत्ते झाले, बुद्धिबळ झालं. तात्या बघत बसायचे ड्रमकडं. तेव्हा मला तो डबा आठवला. कारखान्यात मशीन बसवायला एक इंग्रज इंजिनिअर आला होता; परत जाताना त्यानं मला डीव्हीडींचा एक संच दिला होता. त्यांच्याकडची जुनी विनोदी मालिका, वर्षानुवर्षं चाललेली. त्यातला हा एकच सीझन, सात भागांचा. वेष्टनावर तीन म्हातारे एका दगडी कुंपणाला टेकून उभे. मी टीव्ही फिरवून गॅलरीच्या दाराकडं केला, म्हणजे डावा डोळा ड्रमवर आणि उजवा इंग्लंडवर.

पहिल्या पाच मिनिटांत कळलं की मोठी पंचाईत आहे. त्या म्हाताऱ्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी यांची कधी ओळखच झालेली नव्हती. शब्द तोंडातच चावून गिळत होते लेकाचे. पडद्याखाली अक्षरं येण्याची सोयही नाही. नाना म्हणाले, “काय म्हणतोय तो?” मला ‘माहीत नाही’ हे वाक्य रंगमंचावर कधी म्हणता आलेलं नाही. मी रिमोट उचलला, आवाज शून्यावर नेला आणि म्हणालो, “मी सांगतो.”

पडद्यावर एक उंच छत्रीवाला होता. त्याला मी नाव दिलं रावसाहेब. एक गोल गरगरीत, कुत्र्याला ओढणारा की कुत्रा त्याला ओढणारा हे न कळणारा; तो आप्पा. आणि तिसरा बारीकसा, तपकिरी कोटातला, कायम चार पावलं मागं राहून कुंपणापलीकडं बघत थांबणारा. तो किसनराव. तिघंही निवृत्त, तिघांनाही घरात कुणी विचारत नाही, आणि तिघं दिवसभर टेकड्यांवर भटकत नसत्या उचापती करतात. तेवढं चित्रावरून कळत होतंच. बाकीचं मी घातलं. आप्पांनी रावसाहेबांची पेन्शन बुक कुत्र्याला खायला घातली, किसनरावांनी सासुरवाडीचा घोडा पळवला, वगैरे. तिघांचे तीन आवाज, कुत्र्याचा चौथा, चहाच्या दुकानातल्या बाईंचा पाचवा. घसा बसेपर्यंत.

हमीदचाचांना गोष्टीशी फारसं देणंघेणं नव्हतं. ते कोट बघायचे. “मियाँ, जरा रोको. कंधा देखो इसका, कंधा. हाथ का काम है.” थोडा वेळ गेला की, “हौ, मगर आस्तीन एक सूत छोटी है. हमारे यहाँ कर्नल साब फेंक के मारते.”

नाना सगळ्यावर शेरे मारायचे. “मूळ दस्तऐवजात घोडा दिसत नाही.”

“घोडा पुढच्या भागात आहे नाना.”

“मग आत्ताच त्याचा उल्लेख कोणत्या आधारे?”

आणि पडद्यावर हिरवं. किती हिरवं ते सांगता येत नाही. आमच्या दारात धूळ, निळे ड्रम आणि उन्हानं पांढरा पडलेला रस्ता. त्या चौकटीत मात्र ओल्या टेकड्या, ओली कुंपणं, ओल्या मेंढ्या. पाऊस तिथं कुणी बघतसुद्धा नव्हतं. पाऊस चालू असताना ती माणसं दुसऱ्याच विषयावर बोलत उभी राहायची. याचा मला राग यायचा.

तिसऱ्या दिवशी असं झालं. किसनराव नेहमीसारखा कुंपणाशी थांबला होता. मी त्याच्या तोंडी काहीतरी चटकदार वाक्य घालत होतो. तेवढ्यात माझ्या मागून आवाज आला, “ह्ये गवत कुणी कापीत नाय का?”

आम्ही तिघंही वळलो. पंडिततात्या खुर्चीच्या कडेवर येऊन बसले होते.

मी म्हणालो, “कापतात की.”

“कुठं कापत्यात? गुडघ्याएवढं झालंय. याला पाणी कोण देतं?”

“कुणी नाही तात्या. वरून पडतं.”

तात्यांनी मान हलवली. आमच्याकडं एखादा माणूस फारच श्रीमंत आहे असं कळल्यावर हलवतात तशी.

त्या दिवसापासून ते विचारायला लागले. ती मेंढी कुणाची, कुंपणाला माती का लावत नाहीत, किसनरावाला जमीन किती. मी पटापट उत्तरं द्यायचो. किसनरावाला दहा एकर, पैकी चार पाण्याखाली. विहिरीला परसभर, म्हणजे माणूस बुडेल एवढं, पाणी. तात्या ते मनात नोंदवून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी मी चुकून नऊ एकर म्हणालो तर म्हणायचे, “काल धा व्हते.”

सात भाग संपले. त्या संध्याकाळी सुधीर खाली आला. त्याचे डोळे भरल्यासारखे दिसत होते. म्हणाला, “दादा, बाबा जेवताना विचारत होते, उद्या काय आहे म्हणून. आठ महिन्यांत त्यांनी ‘उद्या’ हा शब्द काढला नव्हता.”

उद्या काहीच नव्हतं. सीझन एकच, आणि इंग्रज त्याच्या देशात. मी रात्रभर नाही, फार तर दहा मिनिटं विचार केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिली डीव्हीडी लावली.

हमीदचाचा लगेच म्हणाले, “ये तो वहीच है.”

“माणसं तीच चाचा, टेकडीही तीच. गोष्ट नवीन आहे. तुम्ही तरी रोज हाच सदरा घालून येता की नाही? मग रोज तेच बोलता का?”

“तेच बोलतात,” नाना म्हणाले.

पण बसले. आणि मी त्याच चित्रांवर दुसरी गोष्ट चढवली. आप्पा जिथं आधी चिडून पळत होता तिथं आता आनंदानं पळायला लागला. दुकानातल्या बाई आधी रावसाहेबांची बहीण होत्या, आता त्या किसनरावाची जुनी वर्गमैत्रीण निघाल्या. सात दिवसांनी तिसरी फेरी. मग चौथी. शेवटी शेवटी हमीदचाचा स्वतःच कुत्र्याचं काम करायला लागले आणि नाना रावसाहेबांची वाक्यं माझ्या आधी म्हणायला लागले. इमारतीतल्या बायका पाण्याच्या निमित्तानं दारात घुटमळायच्या. टँकर आला की खेळ थांबायचा. चार म्हातारे, म्हणजे तीन म्हातारे आणि मी, आपापल्या ड्रमकडं धावायचो, पाइप धरायचो, भांडायचो, आणि ओल्या पायांनी परत येऊन विचारायचो, “हां, तर घोड्याचं काय झालं?”

मी खरं सांगतो, इतकं भरलेलं नाट्यगृह मला आयुष्यात मिळालं नाही. पुण्याहून फोन यायचा तेव्हा मी म्हणायचो, “आत्ता नको, प्रयोग चालू आहे.” दोनतीनदा असं झाल्यावर त्या वेळेला फोन येणं बंद झालं. मी ते लक्षात घेतलं नाही. म्हणजे घेतलं, पण प्रयोग चालू होता.

चौथ्या की पाचव्या फेरीत तात्या एकदा उठता उठता म्हणाले, “नाटक्या, एक सांग. हा किसनराव घरी का जात नाय?”

“त्याच्या घरी कुणी नाही, तात्या.”

“कोण नसलं म्हणून काय झालं? घर हाय ना.”

ते काठी टेकत जिना चढून गेले. मी मात्र तो प्रश्न घेऊन बसलो. नट माणसाला प्रेक्षकानं मागणी केली की दुसरं काही सुचत नाही.

सातव्या भागाच्या शेवटी एक दृश्य होतं. किसनराव दोघांना सोडून एकटाच टेकडी चढतो, वर एक दगडी घर आहे, त्याचं दार उघडतो, आणि वळून खाली बघतो. आधीच्या फेऱ्यांत तो विसरलेली छत्री आणायला गेला होता, एकदा आप्पांपासून लपायला, एकदा नुसता लघवीला. त्या दिवशी मी त्याला बोलायला लावलं. आवाज खाली आणला. म्हणालो, “येतो गड्यांनो. तुमच्यासोबत दिवस बरे गेले. पण माझं मन इथं लागत नाही. रान वाळलं असेल, झाडं मेली असतील. मेली तर मेली. मेलेल्याजवळ बसायलाही माणूस लागतंच की. तिथं माझी वाट बघणारं कुणी नाही, हे मला माहीत आहे. तरी मी जातो. कारण इथं मी जे करतोय ते जगणं नाही, ती वेळ काढणं आहे.”

दार बंद झालं. नावं वर सरकायला लागली. हमीदचाचांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला. नानांनी शेरा मारला नाही. आणि मी काय करत होतो? मी मनातल्या मनात वाकून अभिवादन करत होतो. पंचवीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं तात्या देवगावला निघून गेले. पिशवी भरलेलीच होती. आदल्या रात्री ती रिकामी करायची राहिली होती, कारण तात्या इतके हसतखेळत जेवले की कुणाच्या मनातच आलं नाही.

मी पाळीवरून आलो तर सुधीर माझ्या दारात बसला होता. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. “काय सांगितलंत दादा तुम्ही त्यांना?” एवढंच. मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, आणि सांगताना माझा आवाज पुन्हा तसाच खाली आला, ते माझं मलाच ऐकू आलं. सुधीर उठून वर गेला. तो आजही बोलतो माझ्याशी, भेटलं की बोलावं तेवढं.

गॅलरीत त्या संध्याकाळी तीनच खुर्च्या भरल्या. डीव्हीडी कुणी लावली नाही. शेवटी नाना म्हणाले, “ज्याच्या सहीनं माणूस गेला त्याच्याच सहीनं परत यायला हवा. रविवारी जा.” हमीदचाचांनी शनिवारी एक बंडी शिवून आणली, आतल्या बाजूला दोन खिसे. “बोलना, नाप अंदाजे से लिया. तंग हुई तो खुद आको बोलो. इसी बहाने से आएँगे.”

रविवारी वेरूळ मागं टाकून बस देवगावकडं निघाली तेव्हा खिडकीतून जिकडंतिकडं एकच रंग. बागा तोडून लाकडं रस्त्याकडेला रचलेली. तात्यांची बाग तोडलेली नव्हती. दीडशे झाडं वाळून ओळीत उभी होती. मध्ये पत्र्याची खोली, आणि खोलीपुढं तात्या, बाजेवर, एका शेजाऱ्याला काहीतरी तावातावानं सांगत होते.

मी बघतच राहिलो. तात्या दिवसभर बोलले. कोणतं झाड काकूंनी लावलं, कोणत्याला आंबे बहार, म्हणजे हिवाळ्यातला फुलोरा, चांगला यायचा आणि कोणतं नुसतंच पावसाळ्यातल्या मृग बहाराला फुलून फसवायचं, कोणत्या फांदीवरून सुधीर पडला होता. पिठलं केलं, भाकरी थापल्या, आणि बोलत राहिले. बंडी घालून बघितली. अगदी मापात बसली. “हमीदला सांग, तंग झाली,” म्हणाले.

मी विषय काढला. म्हणालो, “तात्या, चला. माझी चूक झाली. किसनराव असलं काही बोलला नव्हता. ते सगळं मी घातलेलं होतं.”

“म्हाईत हाय.”

“माहीत होतं?”

“त्या घरापाशी उभा ऱ्हाऊन बघत व्हता ना तो खाली, तवा त्याचं त्वांड बंद व्हतं. तू बोलत व्हतास अन् त्याचं त्वांड हालत नव्हतं.” तात्या भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवत हसले. “मी म्हणलं, मग ह्ये बोलतंय कोण?”

  आणि त्यांनी मला आणखी एक भाकरी वाढली.

तात्या त्यानंतर तीन उन्हाळे राहिले तिथं. बांधावर पडले नाहीत. बाजेवरच गेले, आणि शेजाऱ्यानं लगेच पाहिलं. सुधीर महिन्याला जाऊन यायचा. हमीदचाचा तात्यांच्या आधीच गेले. नाना मुलीकडं नागपूरला आहेत, ऐकू कमी येतं, फोनवर दोघं आपापलं बोलतो. पुण्याची दोन वर्षं संपली तेव्हा मुलीला तिथंच कॉलेज मिळालं, मग नोकरी. बायको दिवाळीला येते, किंवा मी जातो. आम्ही भांडलो कधीच नाही. भांडायला माणसं एका घरात असावी लागतात.

एकदा मी ती मालिका आवाज मोठा करून बघायला बसलो. एवढ्या वर्षांत कान थोडे तयार झालेत. ते तिघं बहुतेक वेळ चहाबद्दल बोलतात. सातव्या भागात, त्या घराच्या दारात, वारा वाहतोय एवढाच आवाज आहे.

त्या रविवारी तात्या मला सोडायला फाट्यापर्यंत आले. ऊन उतरलं होतं. आम्ही एका बंद टपरीच्या सावलीत उभे राहिलो. मी त्यांना न घेता परत चाललो होतो आणि सुधीरला काय सांगायचं, नानांना काय सांगायचं याची वाक्यं मनात जुळवत होतो. तात्या म्हणाले, “सुधीरला म्हणावं, बाप बरा हाय. अन् तू आता हितनं कुठं जाणार?”

“घरी.”

“घरी कोण हाय?”

लांबून बस येताना दिसली. मागं धुळीचा हा एवढा लोट. तात्यांनी माझ्या वतीनं हात केला. मी काहीतरी मजेशीर बोलायला तोंड उघडलं, आणि बस येऊन थांबेपर्यंत ते तसंच उघडं राहिलं.